आधी फणी, मग पाणी

कोकराच्या अंगावरून पहिल्यांदा उतरते ती जावळाची लोकर. माणसाच्या लेकराचं जसं जावळ, तसंच. मऊ, लांब, हाताला रेशमासारखी लागणारी. जावळाचं घोंगडं ज्याच्या घरी असेल तो पाहुणा आल्यावर मुद्दाम तेच अंथरतो. त्यानंतर दर वर्षी दोन वेळा उतरते ती नेहमीची लोकर, खरबरीत आणि काळी. आणि मेंढराच्या अंगावरच पावसानं, चिखलानं, काट्याकुट्यात घासून जी थापून बसते, तिच्याबद्दल आमचे आबा म्हणायचे, "बुरणूस झाला."

बुरणूस म्हणजे खरं तर पिंजारी करायचे ते लोकरीचं जाड अंथरूण. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, वरून साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि पायानं तुडवत राहायचं. माग नाही, धागा नाही, सुई नाही. पाणी आणि घासणी एवढ्यावर केस केसात असा अडकतो की पुन्हा सुटत नाही. सनगराचं घोंगडं विणलेलं असतं, त्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते, ते फाटलं तर रफू तरी होतं. बुरणसाला उसवायला शिवणच नसते.

हे ज्ञान ट्रॉम्ब्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एका पूडल जातीच्या कुत्र्याच्या कामी येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आम्ही फलटण भागातले धनगर. दिवाळी झाली की वाडा घेऊन घाट उतरायचा, कोकणात भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा, आणि पाऊस तोंडावर आला की परत वर. माझी आई तट्टावर सगळा संसार लादायची: तवा, पातेली, कोंबड्यांचं खुराडं, त्यावर मी. शाळेपायी मी मामाकडं राहिलो, शिकलो, आणि 1981 साली मुंबईत खताच्या कारखान्यात लागलो. बापानं लेंड्यांनी शेतं खतवली, मी युरियाच्या पोत्यांनी. आबा हे येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे आणि त्यात कौतुक किती, टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

ट्रॉम्बे म्हटलं की लोकांना अणुभट्टीच आठवते. 1956 च्या ऑगस्टमध्ये इथं 'अप्सरा' सुरू झाली, आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक. पण त्या टेकडीच्या अलीकडं कोळीवाडा आहे, धक्का आहे, काठाकाठानं तिवराची खाजणं आहेत, आणि जुनी माणसं अजून गावाला तुर्भेच म्हणतात. हिवाळा सरला की ओहोटीच्या चिखलात विजेच्या मनोऱ्यांखाली हजारो रोहित पक्षी उभे असतात. धुकं नसेल तर धक्क्यावरून खाडीपलीकडचे रायगडचे डोंगर दिसतात.

आई गेल्यावर 2016 साली आबांना मी इकडं आणलं. त्याआधी उरलीसुरली मेंढरं लोणंदच्या बाजारात विकली. विकताना आबा काही बोलले नाहीत, दावी मात्र परत आणली. इथं आल्यावर खिडकीशी बसायचे. काठी टेकवून धक्क्यापर्यंत जायचे आणि डोंगरांकडं बोट करून कुणाही अनोळखी माणसाला सांगायचे, "त्या तिथनं आमी पेणंला उतरायचो." ऐकणारा कोळी असेल तर मान डोलवायचा, नोकरदार असेल तर घड्याळ बघायचा.

एकदा त्यांनी हट्ट धरला, देवनारला ने. देवनारचा कत्तलखाना 1971 पासूनचा, आमच्यापासून लांब नाही, आणि तिथल्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचे ट्रक कुठून कुठून येतात. मला वाटलं त्यांना त्रास होईल. तसं काही झालं नाही. एका ट्रकातून उतरवलेल्या मेंढरांपाशी गेले, एकाच्या पाठीत बोटं खुपसून लोकर उलगडून बघितली आणि म्हणाले, "दोन खेपा कातरलंच न्हाई ह्येला." मालक हसला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशांतून निघत नाही, बाबा, कशाला कातरू, म्हणाला. आबा घरी येईपर्यंत तेच पुटपुटत होते. मेंढरू मरायला आलंय याचं त्यांना विशेष वाटलं नाही, त्यांचा धंदाच तो. न कातरता आणलं, याचं वाटलं.

कुत्रं आलं ते माझ्या मुलीमुळं. पवईला तिच्या कचेरीतली एक मैत्रीण कॅनडाला गेली आणि वर्षाचं कुत्रं हिच्या गळ्यात बांधून गेली. तांबूस रंग, अंगभर कुरळे केस, जणू कुणी स्वेटर उसवून चेंडू केलाय. नाव मोका. आबांनी पहिल्या दिवशी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आरं, ह्ये तर जावळ हाय." तेव्हापासून तो जावळ्या. कोळीवाड्यातल्या बायांनी त्यातही सुधारणा केली. सुकी मासळी वाळत घातलेली असते त्या पटांगणात तो लोळून यायचा, म्हणून त्या त्याला जवळ्या म्हणायला लागल्या. एका मात्रेचा फरक, पण वासानं त्याच खऱ्या ठरायच्या.

वाड्यावरची कुत्री कशी असतात ते आबांनी आयुष्यभर बघितलेलं. लांडगा आला की अंगावर जाणारी, रात्री झोपत नाहीत ती. "ह्यो काय करतो?" त्यांनी पोरीला विचारलं. तिनं सांगितलं, आबा, याचे वाडवडील जर्मनीकडचे. शिकारी बंदुकीनं बदकं पाडायचे आणि हे तळ्यात उडी टाकून ती उचलून आणायचे. पोहताना अंग जड होऊ नये म्हणून मागचा भाग भादरायचे आणि छाती, सांधे गारठू नयेत म्हणून तिथले केस ठेवायचे. चित्रात दिसतो तो सिंहासारखा नखरा त्यातूनच आला. आबांनी विचार केला. "म्हंजी ह्यो बी धंद्यावरचा हाय. हितं येऊन बेकार झालाय." मग त्यांनी त्याला आपल्या ताटातली भाकरी टाकायला सुरुवात केली.

कुरळ्या केसाच्या कुत्र्याचं एक दुखणं आहे. इतर कुत्र्यांचे केस गळतात, सतरंजीवर पडतात, आपण झाडून काढतो. याचे गळत नाहीत असं आपल्याला वाटतं. गळतात, पण खाली पडत नाहीत, वेटोळ्यांतच अडकून राहतात आणि जिवंत केसांना गुंडाळतात. शिवाय केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच जातात. पोरगी दीड-दोन महिन्यांनी त्याला चेंबूरच्या एका दुकानात नेऊन कापून आणायची. त्या पैशांत माझी आख्ख्या वर्षाची हजामत झाली असती, पण ते असो.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. दुकान बंद, जावळ्याचं बाहेर हुंदडणं बंद. पोरगी खोलीत दिवसभर संगणकापुढं. केस वाढले. वरवर ब्रश फिरायचा, वरून तो छान फुललेला दिसायचा. जूनमध्ये पाऊस लागला. ट्रॉम्ब्याच्या पावसाळ्यात पापड डब्यात मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही, भिंतीला हात लावला तरी ओल येते, मग असल्या केसांच्या बुडाशी काय होत असेल? जुलैत तो कानाला हात लावू देईना. एक दिवस पोरीवर गुरगुरला. ती रडली. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, गाठी कातडीपर्यंत गेल्या असतील तर भूल देऊन सगळा भादरावा लागेल. सध्या फक्त तातडीचंच बघतोय, दोन आठवड्यांनी आणा.

बायकोला वास सहन होईना. तिनं बादलीत गरम पाणी काढलं, शाम्पू घेतला, पदर खोचला. आबा खिडकीपाशी होते. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

"पानी घालू नगा! पानी घातलं तर बुरणूस व्हईल त्येचा."

मग उठले, खाली बसले, जावळ्याला दोन मांड्यांत घेतलं आणि कानामागं बोटं घातली. डोळे मिटलेले. माझ्या लहानपणी मेंढराची लोकर ते अशीच बघायचे, नजरेनं नाही. "झालायच जवळजवळ," म्हणाले. "पर बूड आजून मोकळं हाय."

काम चार दिवस चाललं. एका बैठकीत अर्धा तास, त्याहून जास्त नाही. जनावर वैतागलं की आपण थांबायचं, त्याला दटावायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी फणी हातातच घेतली नाही. एकेक गाठ बोटांत धरून लांबीच्या दिशेनं फाडली, शेंग सोलतात तशी, आडवी नाही. गाठीवर चिमूटभर मक्याचं पीठ चोळलं, म्हणजे केस एकमेकांवरून सरकतो. गाठ सोडवताना डाव्या हाताच्या चिमटीत गाठीच्या खालचा केस, कातडीलगतचा, घट्ट धरलेला असायचा. ओढ त्या चिमटीला बसते, कातडीला बसत नाही. जावळ्या पहिल्यांदा दचकला, मग त्याच्या लक्षात आलं की दुखत नाही, आणि तो चक्क घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी रुंद दातांची फणी. तीसुद्धा टोकाकडून सुरू, मग जरा वरून, मग आणखी वरून, शेवटी बुडातून. डाव्या तळहातानं केसांचा पडदा वर उचलून धरायचा, खालची एक ओळ सोडायची, ती विंचरायची, मग पुढची ओळ. शेतात तिफण चालते तसं. पोरीच्या तारेच्या ब्रशनं वरचं वर फुलत होतं आणि खाली बुरणूस जमत होता तो यामुळंच. कातडी दिसल्याशिवाय विंचरलं असं म्हणायचं नाही. बगलेत, मांडीच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी आणि गळपट्ट्याखाली सगळ्यांत वाईट होतं. जिथं अंग अंगाला घासतं तिथं.

पोरीनं मधेच विचारलं, "आबा, मग तुम्ही मेंढ्यांना कातरण्याआधी ओढ्यात का धुता?" मला हा प्रश्न पन्नास वर्षांत सुचला नव्हता. आबा म्हणाले, "मेंढराची लोकर उतरवायची आसती बाय, ठिवायची नसती. आन व्हात्या पान्यात नुसतं हालवायचं, चोळायचं न्हाई. चोळलं की बसलं."

तिसऱ्या दिवशी कान. उजव्या कानामागची गाठ सुटली. डाव्याची सुटेना, ती भाकरीएवढी सपाट झालेली आणि कातडीला चिकटलेली. पोरीनं कात्री पुढं केली. आबांनी तिचा हात धरला. गाठ ओढली की कातडं तिच्याबरोबर तंबूसारखं वर उठतं, आणि केस समजून माणूस कातडंच कापतो. मेंढरं कातरताना नवशिक्याच्या हातून हेच होतं, मग हळद-तेल लावत बसा. "कातडं तान, केस तानू नगंस," हे त्यांचं वाक्य मी लहानपणी शंभर वेळा ऐकलंय आणि तेवढ्याच वेळा टाळून शाळेत पळालोय. त्यांनी बारीक दातांची फणी कातडी आणि गाठ यांच्या मधे सरकवली, आडवी, कातडीला चिकटून. कात्री फणीच्या वरून चालवली. मधे फणीची भिंत, त्यामुळं कात्री कातडीला लागायचा प्रश्नच नाही. थोडंथोडं करत गाठ उतरली ती अखंड, हातात घेतली तर खरोखरच बुरणसाचा तुकडा.

खाली कातडी लाल, ओलसर, आणि दोन टपोरे गोचीड. ते आबांनी बोटांनी उपटायचा विचार केला होता, पण पोरीनं चिमटा आणला, तोंडाशी, कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढले आणि गोचिडाच्या तापाबद्दल आबांना सुनावलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. त्या जागेचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांनी मलम सांगितलं, आणि भूल देण्याची गरज नाही म्हणून कळवलं.

चौथ्या दिवशी पाणी. कोमट, कुत्र्याचाच शाम्पू, आपला साबण नाही. फेस हातानं गोल गोल चोळायचा नाही, वरून खाली सोडत न्यायचा, धुतलेली लोकर पिळतात तसा दाबत. टॉवेलनंही खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. आणि मग वाळवणं, जे ट्रॉम्ब्याच्या पावसात सगळ्यांत अवघड. पंख्याखाली तासभर बसवला तरी वेटोळ्यांच्या आत ओल राहतेच आणि मग तिथं बुरशी धरते, वास मारतो. पोरीनं केस वाळवायचं यंत्र मंद गरम हवेवर ठेवून हातभर अंतरावरून धरलं आणि आबा वाळणारी एकेक ओळ फणीनं सरळ करत गेले. त्या यंत्राला आबा आधी हसले होते. अर्ध्या तासानं म्हणाले, "ह्ये आसतं तर आमची कोकरं पावसात मेली नसती." कुणी काही बोललं नाही.

शेवटी कात्री. त्याला चिकटून भादरायचं नाही असं त्यांनी ठरवलं, बोटाचं एक पेर केस ठेवायचे, म्हणजे ऊन आणि डास दोन्ही अडतात. पंजाच्या गाद्यांमधले केस मात्र काढायचे, फरशीवर घसरतो म्हणून. तोंडाजवळ बोथट टोकाची कात्री. सगळं संपल्यावर जावळ्या एवढासा दिसायला लागला, खोलीभर तीन चकरा मारल्या, आणि आबांच्या पायाशी येऊन पडला. दुकानातून आल्यावर दिसायचा तसा देखणा नव्हता. पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या पाठीवर, कोकणातल्या खाचरांसारख्या.

कापलेले केस आबांनी टाकू दिले नाहीत. पिशवीत भरले, स्वच्छ तेवढे निवडले, आणि गावाहून आणलेल्या ट्रंकेतून चाती काढली. ही ट्रंकेत आहे हे मला माहीतच नव्हतं. खिडकीशी बसून सूत काढायला लागले. कुत्र्याचा केस गुळगुळीत, लोकरीसारखा धरून राहत नाही, तुटायचा. मग उशीत जपून ठेवलेली थोडी जुनी लोकर होती, ती त्यात मिसळली. हातभर दोर झाला, तांबूस-काळा. त्याचं पुढं काही केलं नाही. चातीला गुंडाळलेला तसाच आहे.

त्या पावसाळ्यानंतर दुकान उघडलं, पण जावळ्या परत गेला नाही. एक दिवसाआड फणी, दीड-दोन महिन्यांनी कातरणी, दोन्ही घरीच. समोरच्या इमारतीतल्या एकानं आपलं झिपरं कुत्रं आणून विचारलं, आजोबा, याचं कराल का, किती घ्याल? आबांना राग आला की आनंद झाला हे पुन्हा मला कळलं नाही. "ठिवून जा," म्हणाले. पैसे घेतले नाहीत, पण त्या माणसाला खाली बसवून फणी त्याच्याच हातात दिली.

गेल्या दिवाळीपासून आबांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप आता मी अर्धाच भरतो. कात्री त्यांनी स्वतःहून पोरीकडं दिली, कुणी मागितली नव्हती. आता ते स्टुलावर बसतात, डाव्या हातानं जावळ्याची हनुवटी धरतात, तो हात अजून स्थिर आहे, आणि पोरगी कातरते. "आगं, कातडं तान." ताणलंय, आबा. "केस वडलास." नाही ओढला. "वडलास, त्येनं कान हालिवला बग." ती पुन्हा फणी आत सरकवते. जखम केव्हाच भरली, केसही आले, पण डाव्या कानाची लांबी तिला अजून जमत नाही. उजव्यापेक्षा तो दोन बोटं आखूडच आहे.